मधल्या खोलीतलं एक्स्चेंज

एक्स्चेंजबाईंच्या घरात मार वरून खाली वाहत असे. गोदामात साहेब मुकादमाला शिव्या घाली. मुकादम घरी येऊन बाईंना मारी. बाईंना मारून हात भरला नाही, तर थोरल्याला. थोरला मग धाकट्याला गाठी. धाकट्याच्या खाली कोणीच नव्हतं, म्हणून तो भिंतीला मारायचा. वरच्या खोलीत दाराशेजारी गिलावा एका जागी कायमचा उडालेला होता. मुकादम वर्षाआड तिथे सिमेंट थापी आणि म्हणे, "ओल लागते इथे." ओल कसली, पोराच्या मुठी होत्या त्या.

मुकादम म्हणजे बाईंचे यजमान. आणि एक्स्चेंजबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं, कारण त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कॉलेज संपवून त्या तिथे चिकटल्या, आणि एक्स्चेंजला कुलूप लागलं तेव्हाच सुटल्या. समोर उंच बोर्ड, बोर्डावर भोकांच्या ओळी, प्रत्येक भोकावर बारीक दिवा. दिवा लागला की दोरीचं एक टोक तिथे खुपसायचं, विचारायचं कोण हवंय, आणि दुसरं टोक त्या माणसाच्या भोकात. दोन आवाज एकमेकांना भेटले की आपण बाजूला व्हायचं. ऐकत बसायचं नाही, असा नियम होता.

बाई ऐकायच्या. सगळ्यांचं नाही. सुरुवातीच्या "हॅलो"वरूनच त्यांना कळायचं की हा कॉल कुठे जाणार. जमिनीच्या तुकड्यावरून भाऊ भावाला फोन करतोय, माहेरी जाऊन बसलेल्या बायकोला नवरा फोन करतोय, असल्या कॉलवर त्या कान ठेवून असायच्या. आवाज चढत चढत एका ठरावीक पट्टीला पोचला की बाईंची बोटं आपोआप दोरीकडे जायची आणि दोरी बाहेर यायची. दोन्हीकडची माणसं "हॅलो, हॅलो" करून थकायची, आणि मग दोघंही मिळून टेलिफोन खात्याचा उद्धार करायची.

"खात्याला शिव्या बसल्या की माणसं वाचतात," असं बाई शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीला म्हणायच्या.

एकदा सुपरवायझरने त्यांना पकडलंच. "काय गं, तुझ्याच बोर्डावरचे कॉल बरे तुटतात?"

"लाइन खराब आहे, बाई."

"लाइन खराब आहे की तू खराब आहेस?"

"दोन्ही असेल," बाई म्हणाल्या. सुपरवायझर हसल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्याही घरी काहीतरी असावं.

बाईंच्या घरी मात्र दोरी नव्हती. मुकादमाचा आवाज त्या पट्टीला पोचला की ओढून काढायला काहीच हाताला लागायचं नाही. त्या स्वतःच मध्ये जायच्या. असंच एकदा थोरल्यावर उगारलेला पट्टा त्यांच्या डाव्या कानावर बसला, बकलाच्या बाजूने. कानातून रक्त आलं, मग पाणी आलं, मग काहीच येईना. आत आवाजही जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडफोन उजव्या कानावर चढवला आणि कामाला बसल्या. मैत्रिणीने विचारलं, तर "जिन्यावरून पडले" म्हणाल्या. त्या घरातली माणसं फार पडायची. डोळे काळे करून पडायची, दात पाडून पडायची. गल्लीत कोणीतरी म्हणालंही, की त्या जिन्याची एकदा पूजा घाला.

मग थोरला बापाच्या उंचीला आला. एके संध्याकाळी मुकादमाने हात उगारला आणि थोरल्याने तो वरच्या वर धरला. धरून ठेवला असता तरी भागलं असतं. त्याने एक बोट निवडलं आणि मागे वाकवलं. काटकन आवाज झाला. मुकादम खाली बसला आणि लहान मुलासारखा बोट तोंडात घालून कण्हू लागला. त्या दिवसापासून त्याने घरात कोणावर हात टाकला नाही. बाईंना वाटलं होतं, सुटलो. पण त्यांनी थोरल्याचा चेहरा पाहिला होता. नवीन हत्यार मिळालेला माणूस ते जसं उलटंपालटं करून पाहतो, तसा तो स्वतःच्या हाताकडे पाहत होता.

मुकादम पुढे अर्धांगाने गेला. मार मात्र गेला नाही. तो आता दोन भावांच्या मध्ये राहायला आला.

घर दोन मजली, अरुंद. खाली थोरला आणि त्याची बायको. वर धाकटा एकटा. जिना जिथे वळतो तिथे एक लहानशी खोली, ती बाईंची. थोरला घरीच बसून इमारतींचे नकाशे काढायचा. हात इतका स्थिर, की त्याच्या रेघेवर पाणी ओतलं तर सरळ वाहावं. धाकटा दुकानांच्या जाहिरातींचे व्हिडिओ करायचा. त्याचं लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलीकडची माणसं घर बघायला आली, तेव्हा दार उघडायला थोरला गेला आणि त्याच्या ओठावर टाके होते. पाहुण्यांनी चहा घेतला, धाकट्याच्या सोललेल्या बोटांकडे बघितलं आणि ते गेले. त्यांचा निरोप आला नाही.

"दोघांना वेगळं करा," नणंद म्हणायची.

"वेगळे झाले तर मध्ये कोण पडणार?" बाई म्हणायच्या. "डोळ्यांसमोर आहेत तोवर दोघं आहेत."

एवढंच त्यांचं मागणं होतं. गोडीगुलाबी नको, एका ताटात जेवायला नको. दोघं जिवंत असावेत आणि एका छपराखाली असावेत, म्हणजे रात्री दोन्हीकडची पावलं ऐकून, उजवा कान वर ठेवून, त्यांना झोपता यावं.

ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, दोन कनेक्शनं घ्या. जोडणी करायला आलेला तंत्रज्ञही तेच म्हणाला. बाईच अडून बसल्या. "दोन वायरी झाल्या की दोन चुली, आणि दोन चुली झाल्या की दोन दारं. एकच घ्या. वाटून वापरा."

"आजी, हे नेट आहे, शेत नाही," तंत्रज्ञ म्हणाला.

"शेतावरून होतं ते कशावरूनही होतं. तू एक कनेक्शन दोन कॉम्प्युटरना जोडून दे. जमतं की नाही?"

"जमतं. पण वायफाय या स्लॅबमधून वर नीट चढायचं नाही. वायर ओढावी लागेल, खाली एक आणि वर एक. डबा कुठे ठेवायचा?"

डबा म्हणजे राउटर. तो प्रश्न विचारून त्या बिचाऱ्याने मोहोळावर दगड मारला.

"माझ्या टेबलावर," थोरला म्हणाला. "कनेक्शन माझ्या नावावर आहे."

"म्हणजे नेट हवं असलं की रोज तुझ्या पाया पडायला खाली येऊ?" धाकटा म्हणाला.

"पडलास तरी काही बिघडत नाही."

"दादा, तोंड सांभाळ."

"नाहीतर काय करशील रे छोट्या? भिंतीला मारशील?"

धाकट्याने हातातला कप खाली ठेवला. कप ठेवण्याचा तो आवाज बाईंच्या ओळखीचा होता. त्या पुढे झाल्या. "डबा माझ्या खोलीत. मधल्या खोलीत. माझ्या कपाटाशेजारी."

तंत्रज्ञाने सुटकेचा श्वास टाकला. "बेस्ट. आजी, आता तुम्हीच या घरचं एक्स्चेंज." त्याला त्यांचं टोपणनाव ठाऊक नव्हतं. तो सहज बोलून गेला आणि बाई मात्र त्याच्याकडे बघतच राहिल्या.

निळी वायर खाली गेली, करडी वर. तंत्रज्ञाने वायरींच्या टोकांना खटके बसवले, डब्याच्या पाठीतल्या भोकांत ते एकेक खुपसले, आणि समोर बारीक हिरवे दिवे लागले. "हा खालचा दिवा, हा वरचा. लुकलुकला म्हणजे तिथे कोणीतरी काम करतंय." भिंतीवर वायर ठोकायचं काम थोरल्याने स्वतः केलं, एका रेषेत, त्याच्या नकाशासारखं. काम झाल्यावर हातोडी तो जिन्यातच ठेवून जात होता. बाईंनी ती उचलून आपल्या कपाटात टाकली. स्वयंपाकघरातली मोठी सुरीही त्या रोज रात्री उशाखाली घेऊन झोपायच्या. त्या घरात जड आणि धारदार वस्तू मोकळ्या ठेवायची पद्धत नव्हती.

काही दिवस बरे गेले. बाई पलंगावर बसून दिवे बघायच्या. खालचा संथ लुकलुकला की थोरला कोणाला तरी नकाशा पाठवतोय. वरचा वेड्यासारखा फडफडला की धाकट्याचा व्हिडिओ चाललाय. म्हातारपणी पुन्हा बोर्डासमोर बसल्यासारखं त्यांना वाटायचं. आणि डब्याची काळी तार भिंतीतल्या पॉइंटला गेलेली होती. प्लग बरोब्बर त्यांच्या हाताशी होता.

भांडण व्हायचं तसं झालंच. धाकटा व्हिडिओ चढवायला लागला की थोरल्याची मीटिंग अडकायची. समोरच्या माणसाचं तोंड उघडंच राहायचं आणि आवाज तुटक यायचा. "वर बसून सगळं ओढतोय, पाण्याची मोटर लावल्यासारखं!" थोरला जिन्यातून ओरडायचा. मग त्याने कुठूनतरी शिकून, आपल्या कॉम्प्युटरवरून डब्यात शिरून वरच्या वायरीला आळा घातला, इतका की धाकट्याला साधं पत्र जायला चहा गार होऊ लागला. धाकट्याला दोन दिवसांत उमगलं. तो बाईंच्या खोलीत आला, डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून त्याने सगळं पुसून टाकलं आणि पासवर्ड बदलला. आता आळा खालच्या वायरीला बसला.

थोरला वर आला तो मुठी आवळूनच. जिन्याच्या वळणावर, बाईंच्या दाराबाहेर, दोघं छातीला छाती लावून उभे राहिले.

"पासवर्ड सांग."

"मागून बघ."

"तुझ्या नरड्यातून काढीन."

आवाज त्या पट्टीला पोचला. बाईंची बोटं चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीने हलली. त्यांनी प्लग ओढला. दिवे गेले. वर धाकट्याचा कॉम्प्युटर टुंग वाजला, खाली थोरल्याचा.

"गेलं!" धाकटा म्हणाला. "माझा व्हिडिओ चढत होता रे!"

"गेलं? आयला या कंपनीच्या!" थोरला खाली धावला फोन करायला. धाकटा त्याच्या मागोमाग कठड्यावरून ओणवून सांगत होता, "त्यांना सांग, काल पण गेलं होतं म्हणावं!" दोघं भाऊ एका बाजूला आणि कंपनी दुसऱ्या बाजूला. बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि प्लग हळूच परत खोचला. दोघांचा राग तोवर विरला होता. संध्याकाळी थोरल्याने पासवर्ड न मागता धाकट्याने तो दिला, आणि सून म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला?"

त्यानंतर बाईंनी हे पुष्कळदा केलं. आवाज चढला की प्लग बाहेर. कंपनीला शिव्या बसायच्या, पोरं वाचायची. उभ्या आयुष्यात या घरात त्यांच्या हाती पहिल्यांदा दोरी आली होती.

एके दिवशी जेवताना थोरला ताटातच बघत म्हणाला, "कंपनीचा माणूस म्हणतो, आमची लाइन चोख आहे. तुमच्या घरातल्या डब्याचीच वीज जाते, असं त्यांच्याकडे दिसतं."

बाईंचा घास थांबला.

"म्हणजे कोणीतरी प्लग काढतंय," थोरला म्हणाला. "मी बोललो की बरोब्बर तेव्हाच जातं. आता या घरात मी बोललेलं कोणाला खुपतं?" त्याने छताकडे पाहिलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आलेही होते. पण सांगितलं असतं तर डबा त्यांच्या खोलीतून गेला असता, दोरी हातातून गेली असती. "पॉइंट सैल असेल," त्या म्हणाल्या. "मी बघते."

"तू नको बघूस. मी बघतो," थोरला म्हणाला.

ते घडलं तो दिवस उन्हाचा होता. खाली थोरला कोणा मोठ्या बिल्डरला पूर्ण इमारतीचे नकाशे दाखवत होता. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, आणि सुनेला त्याने मिक्सरही लावू दिला नव्हता. वर धाकट्याला दुपारच्या आत व्हिडिओ द्यायचा होता. दोन्ही दिवे फडफडत होते. थोड्या वेळाने खालून ओरडणं आलं, "छोट्या! बंद कर ते! माझा स्क्रीन अडकतोय!" वरून उत्तर आलं, "माझंही कामच आहे!" मग खालून आईवरून शिवी आली. वरून बापावरून आली. दोघांची आई आणि बाप एकच होते, हे दोघांनाही सुचलं नाही.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि बाईंनी प्लग ओढला.

एक क्षण घर शांत झालं. बाईंना वाटलं, झालं काम. मग खालून थोरल्याचा आवाज आला, पण तो ओरडत नव्हता. हळू, अगदी स्वच्छ आवाजात तो बायकोला म्हणत होता, "बघितलंस? काढलान् त्याने."

त्याने कंपनीला फोन केला नाही. तो जिना चढू लागला. चढताना त्याने भिंतीवरची करडी वायर धरली आणि ओढली. स्वतः ठोकलेले खिळे एकेक करत उडू लागले. बाई दाराशी आल्या तोवर वर जाणारी वायर त्याच्या मुठीत गोळा झाली होती. वरून धाकटा उतरत होता, हातात कॅमेऱ्याची तिपाई. "माझी वायर तोडलीस? भर कामात तोडलीस?" त्याने तिपाई फिरवली. ती थोरल्याच्या भुवईवर बसलं. कातडं उघडलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. थोरल्याने डोळा पुसला नाही. त्याने धाकट्याचं डोकं कठड्यावर आपटलं, एकदा, आणि वायरीचा फेरा त्याच्या गळ्यात टाकला.

"मी काढला!" बाई म्हणाल्या. "प्लग मी काढलाय! हा बघ!"

चाळीस वर्षं त्यांनी आवाज खालच्या पट्टीत ठेवला होता. नोकरीत तेच शिकवलं होतं, आणि घरात तेच परवडायचं. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्या धावत आत गेल्या आणि प्लग खोचला. "लाइन आली! बघा, दिवे लागले! लाइन आली रे!"

थोरल्याने गुडघा धाकट्याच्या पाठीत रोवला होता. वायर बारीक, गळ्यात रुतलेली, दिसतही नव्हती. दिसत होते फक्त धाकट्याचे डोळे, आणि जिन्याच्या पायरीवर घासणाऱ्या टाचा. त्याच्या तोंडातून जो आवाज येत होता तो माणसाचा नव्हता. मग तो आवाजही बंद झाला.

बाईंनी कपाट उघडलं आणि हातोडी घेतली.

पहिला घाव थोरल्याच्या उजव्या मनगटावर बसला. त्याने दात खाल्ले, पण सोडलं नाही. लहानपणी त्या हाताची नखं त्या कापायच्या, झोपेत, तो जागा झाला की ओढून घ्यायचा म्हणून. दुसरा घाव त्यांनी दोन्ही हातांनी, खांद्यामागून घातला. हाड मोडल्याचं त्यांना बहिऱ्या कानानेही कळलं. वायर सुटली. थोरला भिंतीला टेकून खाली घसरला आणि मोडलेला हात छातीशी धरून त्यांच्याकडे बघू लागला. "आई?" तो म्हणाला. "तू?"

धाकटा पायऱ्यांवर पालथा पडला होता. बाईंनी त्याला उलटं केलं. चेहरा वांग्यासारखा. त्यांनी त्याच्या गालावर मारलं, छातीवर मारलं, शिव्या दिल्या, मोठ्याने, गल्लीला ऐकू जातील अशा. त्याने श्वास घेतला. घेतला म्हणजे ओढला, फाटल्यासारखा. खाली सून किंचाळत होती, आणि थोरल्याच्या कॉम्प्युटरमधून बिल्डर विचारत होता, "हॅलो? आवाज येतोय का माझा?"

दवाखान्यात अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"जिन्यावरून पडले," सुनेने लगेच सांगितलं. लग्न होऊन ती या घरात मुरली होती. "दोघंही. एकाला वाचवायला दुसरा गेला."

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याच्या गळ्याभोवतीची जांभळी रेघ पाहिली. "आणि जिन्याने गळा आवळला?"

पोलीस आला. सुनेने बाईंना खांबाआड ओढलं. "आई, तुम्ही काही बोलू नका. खरं सांगितलंत तर आत जातील ते. कामं जातील सगळी. तुमचाच मुलगा आहे ना तो?"

"डॉक्टर काय म्हणाले हाताचं?"

"जुळेल म्हणाले. प्लेट घालावी लागेल. पण जुळेल."

"जुळला की तो पुन्हा त्याच्याच खांद्याला असणार आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी मी दूध आणायला गेलेली असले तर?"

"तुम्ही असं कसं बोलता? ते असे नाहीत, त्या क्षणी…"

"मी नवऱ्यासाठी हेच बोलत होते गं. शब्द न शब्द."

सून रडू लागली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तो काढून त्या पोलिसाकडे गेल्या. त्यांनी सगळं सांगितलं. वायर कोणी धरली, गुडघा कुठे होता, हातोडी कोणाची. प्लगचंही सांगितलं.

"प्लगचा इथे काय संबंध, आजी?" पोलीस म्हणाला.

"भांडण त्यानेच पेटलं. तेही घ्या."

"त्याची गरज नाही. गळा कोणी आवळला, ते पुरे."

थोरल्याला प्लास्टर घातलेल्या हातानिशी दुसऱ्या वॉर्डात नेलं, दाराशी शिपाई बसवला. जाताना त्याने आईकडे पाहिलंही नाही.

धाकटा खाटेवर पडला होता, डोळ्यांतला पांढरा भाग लाल झालेला. बाई स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या. बऱ्याच वेळाने त्याने ओठ हलवले. आवाज वाळूतून आल्यासारखा.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणून सांगितलंस? आमच्यातलं होतं ते. आम्ही बघून घेतलं असतं."

"काय बघितलं असतंस? डोळे बाहेर आले होते तुझे."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. बाईंना ते अपेक्षितच होतं. पण एक गोष्ट गळ्यात अडकली होती, आणि ती याच्यापाशी नाही बोलायची तर कोणापाशी. "प्लग मी काढला होता," त्या म्हणाल्या. "दर वेळी मीच काढायची. तुम्ही शांत व्हावं म्हणून. मी सांगत होते तेव्हा, पण माझा आवाज पोचलाच नाही. पोचला असता तर त्याने…"

"पोचला होता."

"काय?"

"ऐकलं मी. 'लाइन आली' म्हणालीस तेपण ऐकलं."

"मग तुझ्या दादाला…"

"त्याने पण ऐकलं. तू 'मी काढला' म्हणालीस तेव्हा एकदा सैल केलंन्. मग परत आवळलंन्." तो थांबला, गिळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "आई, नेटवरून कुठे चाललं होतं?"

बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली. बाईंनी मांडीवरची पर्स या हातातून त्या हातात घेतली. मग त्या म्हणाल्या, "इथून सुटलास की घरी यायचं नाही. आत्याला सांगते, तिच्या बाजूला खोली बघ म्हणून. आजच बघायला लावते."

"मला हाकलतेस? मार मी खाल्ला आणि मलाच?"

"त्यालाही तेच सांगणार आहे. बाहेर आला की."

"आणि घरात तू एकटीच?"

"घरातच राहीन. कुठे जाऊ? पण तुम्ही दोघं एका वेळी यायचं नाही. एकजण आला की दुसऱ्याला दार नाही."

"तूच तर म्हणायचीस, डोळ्यांसमोर पाहिजेत."

"म्हणायचे," बाई म्हणाल्या. "डोळ्यांसमोरच मरत होतास."

तो लाल डोळ्यांनी बराच वेळ छताकडे बघत राहिला, रागातच. मग त्याने खुणेने पाणी मागितलं. नर्सने ग्लास नको, चमच्याने द्या, असं सांगून ठेवलं होतं. बाईंनी चमचा भरला. पहिला चमचा ओठांतून बाहेर ओघळला आणि हनुवटीवरून गळ्यापर्यंत आला. त्यांनी पदराने तो टिपला, रेघेला धक्का न लावता, तिच्या वर आणि तिच्या खाली. मग दुसरा चमचा भरला.